काळा दगड करडा का दिसतो?

पत्र :

‘मी निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, राहायला पंचवटीत. भावाने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना डीएसएलआर आणि त्याची १८-५५ची लेन्स मला दिली. सहा महिने जमेल तसे फोटो काढतेय, पण मन रमत नाही. काळारामाचं देऊळ काढलं तर दगड राखाडी आला. गोदाआरतीच्या फोटोत दिव्यांचे नुसते पांढरे ठिपके. स्नेहसंमेलनात मुलांचे नाच सगळे हललेले, पालकांना दाखवायचीही लाज वाटली. नांदूरमध्यमेश्वरला मुलांना घेऊन गेलो, तिथे पक्षी धूसर आणि पुढचं गवत मात्र एकदम स्वच्छ. रामकुंडाचे फोटो तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात तसेच. मैत्रीण म्हणते, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर असंच होणार, चांगली झूम घे. दुकानात हप्त्यावर मिळतेय. घेऊ का? चार फोटो सोबत पाठवतेय.’

ताई,

लेन्स आत्ता घेऊ नका. चारही फोटो मी मोठे करून, त्यांची माहिती उघडून पाहिले. एकही फोटो लेन्समुळे बिघडलेला नाही. हप्ता सुरू केलात तर राखाडी देऊळ जास्त धारदार राखाडी दिसेल, एवढंच. चारही वेळा तुम्ही कॅमेरा पूर्ण ऑटोवर ठेवला होता, आणि समोरच्यातलं तुमच्या लेखी महत्त्वाचं काय हे कॅमेऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता. त्याने अंदाज बांधला, तो चुकला. हे सांगायचं कसं ते तुमच्याच फोटोंवरून बघू.

काळारामापासून सुरुवात करतो, कारण एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती आत घ्यायचा ते, शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा अख्ख्या नाशकात नाही, आणि ती तुमच्या घराजवळ आहे. कॅमेऱ्यातलं मीटर देऊळ ओळखत नाही, दगड ओळखत नाही. फ्रेममध्ये येणारा उजेड मोजायचा आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेपाशी आणून ठेवायची, हे त्याचं काम. रस्ता, झाडं, माणसं असं मिसळीचं दृश्य असलं की हा हिशोब बरोबर बसतो. तुमच्या फ्रेममध्ये मात्र पाऊण भाग काळा पाषाण आहे. मीटरला वाटलं, इथे उजेड फार कमी आहे. त्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, आणि काळा दगड उजळून करडा झाला. हल्लीचे कॅमेरे या बाबतीत पूर्वीपेक्षा शहाणे आहेत, पण भरपूर काळं किंवा भरपूर पांढरं समोर आलं की तेही फसतात.

उपाय अगदी साधा आहे. डायल ऑटोवरून काढून ‘ए’वर न्या (काही कॅमेऱ्यांवर ‘एव्ही’ लिहिलेलं असतं). मग +/− असं चिन्ह असलेलं बटण दाबून चाक फिरवा आणि काटा −१वर आणा. याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. −१ म्हणजे मीटर सांगतंय त्याच्या निम्मा उजेड आत घ्यायचा. दगड पुन्हा काळा होईल, त्याच्यावरचं कोरीवकाम उठून येईल. कमी वाटलं तर आणखी थोडं खाली जा. काळ्यासाठी वजा, पांढऱ्यासाठी अधिक. पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांची दिंडी काढताना +१ केलं नाही, तर ते कपडे मळके दिसतात.

आता त्याच देवळाचं शिखर खालून काढा, मागे दुपारचं आभाळ ठेवून. इथे उलट होईल. आभाळाचा उजेड इतका असतो, की मीटर सगळंच दाबतं आणि शिखराची नुसती काळी आकृती उरते. देऊळ तेच, दगड तोच, पण आता काटा अधिकवर न्यावा लागेल आणि आभाळ पांढरं होईल ते सोसावं लागेल. दोन्ही एका फोटोत हवं असेल, तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असतं, आभाळ आणि दगड यांच्या उजेडात फार तफावत नसते, आणि तिरप्या उन्हात कोरीवकामाची प्रत्येक कड सावली टाकते. भर दुपारी तेच कोरीवकाम सपाट दिसतं. भोवतीच्या ओवरीत सावलीला उभं राहून दोन खांबांच्या मधून देऊळ पाहिलंत, तर चौकटही आयती मिळेल. गाभाऱ्यात मात्र कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

स्नेहसंमेलनाचा फोटो. माहितीत दिसतंय : एफ/५.६, १/२५ सेकंद, आयएसओ ८००. नाचणारं मूल सेकंदाच्या पंचविसाव्या भागात हात कुठल्या कुठे नेतं, त्यामुळे फोटो हलणारच होता. लेन्समध्ये हादरे कमी करणारी सोय असली तरी ती तुमच्या हातांची थरथर सांभाळते. मुलाच्या नाचावर तिचं काही चालत नाही.

इथे तीन गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात ते बघा. शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत येणार, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडणार, आणि आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाला किती उचलायचं. नाच थांबवायला निदान १/२०० हवं. १/२५वरून १/५०, १/१००, १/२०० अशा तीन पायऱ्या चढलो, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा झाला. या तीन पायऱ्या कुठून तरी भरून काढायला हव्यात. आयएसओ ८००वरून १६०० आणि मग ३२००, या दोन झाल्या. तिसरी अ‍ॅपर्चरकडून घ्यायची, एफ/५.६वरून एफ/४. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे सुरुवातीला गोंधळात टाकतं, आठवडाभरात अंगवळणी पडतं. तर १/२००, एफ/४, आयएसओ ३२००. तुमच्याच लेन्सवर, त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच ट्यूबलाइटांत हा फोटो निघाला असता.

एक अडचण आहे आणि ती खरी आहे. तुमची लेन्स पूर्ण झूम करून ५५वर नेली की ती एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/४ हवं तर झूम मागे, १८च्या बाजूला आणावं लागतं. म्हणजे शेवटच्या रांगेतून झूम करण्यापेक्षा उठून स्टेजपाशी यायचं. शिक्षिका असल्याने तुम्हाला कुणी अडवणार नाही, पहिल्या रांगेच्या पुढे खाली बसा. मुलांच्या चेहऱ्यावरचे भाव जवळून जसे दिसतात, तसे झूममधून कधीच दिसत नाहीत.

आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून तो वाढवायला नको असं तुम्हाला वाटेल. बऱ्याच जणांना ही भीती असते. दाणे आलेला फोटो पालक आनंदाने घरी लावतील. हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने धड होत नाही. आणि कमी उजेडात काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळवला, तर दाणे त्याहून जास्त उठतात. ३२००ला घाबरू नका.

शटरच्या बाबतीत हातात धरून काढायचा अंदाजही लक्षात ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यावर ५५ला १/८०च्या खाली जाताना सावध, १८ला १/३० चालून जातं. समोरचं स्थिर असेल तेव्हाची ही गोष्ट.

आरतीचं कोडं काळारामासारखंच आहे. फ्रेमभर अंधार, मध्ये ज्योती. मीटर अंधार मोजतं, त्याला उजळवायला जातं, आणि ज्योती जळून पांढऱ्या होतात. तुम्हाला अंधार नको होता, दिवा हवा होता. मग −१ किंवा −१.५ करा. ‘ए’वर शटर कॅमेरा ठरवतो, तेव्हा ते १/१२५च्या आसपास येईल असा आयएसओ ठेवा. ज्योतीत पिवळा-नारिंगी रंग दिसेपर्यंत खाली यायचं. बाकीचं काळोखात गेलं तर जाऊ द्या, पुजाऱ्याच्या चेहऱ्यावर दिव्याचाच उजेड पुरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशोब, ऑटोवरून काढून सूर्याच्या चिन्हावर ठेवा, नाहीतर कॅमेरा तो तांबूसपणा दुरुस्त करायला जातो. फ्लॅश बंद. त्याने दिव्यांचा सगळा उजेड मारला जातो आणि लोकांच्या डोळ्यांतही जातो. आणि अगदी अंधार पडायची वाट पाहू नका. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने साधारण वीस मिनिटं आभाळात गडद निळा रंग असतो. त्या वेळी आभाळ आणि दिवे यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो, आणि पाण्यात दोन्ही उतरतात. आरतीची वेळ त्या वीस मिनिटांशी जुळेल असा दिवस शोधा.

आता नांदूरमध्यमेश्वर. मुलांना तिथे नेलंत याचा फार आनंद झाला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या तालुक्यात हे आहे, त्यांना ते ठाऊक हवंच.

फोटो वारकरी पक्ष्याचा आहे, गवतामागून पाण्यात तरंगणारा. गवताची पाती मोजता येतील इतकी स्वच्छ, पक्षी धुरकट. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे सगळे बिंदू एकदम चालू आहेत. अशा वेळी कॅमेरा सहसा सगळ्यात जवळची, ठळक वस्तू पकडतो. इथे ती गवत होती. मेन्यूत जाऊन एकच बिंदू निवडा, सुरुवातीला मधला. तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, बीप आला की पूर्ण दाबा. माणूस असो, पक्षी असो, गोठ्यातली गाय असो, डोळा स्वच्छ असला की बाकीचं थोडं धूसर चालतं. डोळा धूसर असला की काहीच चालत नाही. वारकऱ्याचं डोकं काळं आणि त्यात लालसर डोळा, फोकस नेमका लागला तर तो लाल ठिपका दिसतो. नाही लागला तर पक्ष्याला डोळाच नाही असं वाटतं. शिवाय त्याचं अंग काळं आणि चोच-कपाळ पांढरंशुभ्र. तेव्हा काळं उजळवायच्या नादात ते पांढरं जळू देऊ नका, थोडं वजावर राहा. फोटो काढल्यावर स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकतो अशी एक सोय मेन्यूत असते. ती चालू करून ठेवा, फार उपयोगाची आहे.

पक्षी पोहत किंवा उडत असेल तर फोकसचा प्रकार बदला. एकदा पकडून थांबणारा एक, आणि बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत मागोमाग जाणारा दुसरा. कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे नावं वेगळी आहेत : कुठे एएफ-सी, कुठे एआय सर्व्हो. हलत्या गोष्टीसाठी तो दुसरा हवा, आणि शटर १/१००० किंवा त्याहून वर.

५५च्या लेन्समध्ये पक्षी लहानच येणार, हे मात्र मान्य करायला हवं. म्हणून पक्ष्याचं पोर्ट्रेट काढायला जाऊ नका. हिवाळ्याच्या सकाळी पाण्यावर धुकं असतं, मागे बाभळी असतात, शेकाटे पाण्यात उभे असतात. ती सगळी जागा काढा आणि पक्षी तिच्यात लहान राहू द्या. पाणी भरपूर, आभाळ भरपूर, एका कोपऱ्यात चार पक्षी. कितीतरी जण तिथे भलीमोठी लेन्स घेऊन येतात आणि प्रत्येकाकडे शेकाट्याचा सारखाच फोटो असतो. धुक्यातलं पाणी मात्र क्वचित कुणी काढतं.

इथूनच तुमच्या रामकुंडाच्या प्रश्नाकडे येतो. सगळ्यांसारखे फोटो का येतात? कारण सगळे जण उतरून आल्यावर जिथे पाय थांबतात तिथेच उभे राहतात, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरतात आणि दिसतं ते सगळं आत घेतात. तिसऱ्या हिश्श्याचा नियम तुम्ही वाचला असेल : फ्रेमचे उभे-आडवे तीन भाग करायचे आणि मुख्य गोष्ट रेघा छेदतात तिथे ठेवायची. ठीक आहे, पाळा. पण रामकुंडावर तुमची अडचण ती नाही. तिथे अडचण मागे असते.

एक उदाहरण घ्या. एक बाई द्रोणातला दिवा पाण्यात सोडतेय. तुम्ही तिच्याकडे पाहता, कॅमेरा मात्र तिच्यामागचा वाढदिवसाचा फ्लेक्स, प्लास्टिकच्या खुर्च्या, विजेच्या तारा सगळं तितक्याच निष्ठेने टिपतो. आधी बॅकग्राउंड शोधा, माणूस नंतर. दोन पावलं डावीकडे सरकलात की फ्लेक्स तिच्या पाठीआड जातो. दोन पायऱ्या वर चढून कॅमेरा खाली झुकवलात की खुर्च्या फ्रेमच्या वर निघून जातात आणि मागे नुसतं काळसर पाणी उरतं. आता झूम ५५वर, एफ/५.६, बिंदू तिच्या डोळ्यावर. एका दमात फ्रेमच्या चारही कडांवर नजर फिरवा, कुणाचा अर्धा हात किंवा चपला आत आल्यात का ते बघा. मग थांबा. ती द्रोण सोडून हात जोडेल, तेव्हा बटण दाबा. पाचपैकी चार फोटो या थांबण्यातून सुधारतात. इतकं करूनही एखादी तार डोक्यातून जात असेल, तर तो फोटो सोडून द्या.

रेघांचा उपयोगही घाटावर शिका. पायऱ्या समोरून काढल्या तर नुसत्या आडव्या पट्ट्या दिसतात. एका टोकाला जाऊन काढल्या की त्या तिरप्या धावत जातात आणि नजर आपोआप पाण्यापाशी पोहोचते. तिथे माणूस असला की फोटो झाला.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचंही असंच. पावसाळ्यात पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावर गावात अंदाज बांधले जातात, तुम्हाला मी काय सांगणार. पण बहुतेक फोटोंत झूम करून फक्त मूर्ती आणि गढूळ पाणी असतं. त्यातून पूर किती आला हे नाशिकबाहेरच्या माणसाला काडीमात्र कळत नाही. सुरक्षित उंचीवर उभं राहून लेन्स १८वर न्या. मूर्ती, बुडालेल्या पायऱ्या, पुलावर उभी राहिलेली माणसं, सगळं एका फ्रेममध्ये घ्या. माणसांच्या मापाने पाण्याची उंची कळते. कधी गोष्टी वगळायच्या आणि कधी आत घ्यायच्या, हे त्या फोटोने काय सांगायचंय त्यावर ठरतं.

मुलांचे फोटो काढताना गुडघ्यावर बसा. वरून काढलेल्या फोटोत मुलं खुजी दिसतात आणि डोकी मोठी. वर्गाचा तीन रांगांचा फोटो असेल तर एफ/८ ठेवा, फोकस मधल्या रांगेतल्या चेहऱ्यावर धरा, म्हणजे मागचा उंच मुलगाही स्वच्छ येतो. उन्हात डोळे मिचकावायला लावू नका, सगळ्यांना व्हरांड्याच्या किंवा झाडाच्या सलग सावलीत घ्या. आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पालकांना विचारा, तुम्ही बाई असलात तरी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रामकुंडावर सकाळी दशक्रियाविधी चालू असतात, अस्थिविसर्जनाला लांबून माणसं आलेली असतात. मुंडन केलेला मुलगा, शेजारी रडणारी आई, फोटो ‘चांगला’ येतो म्हणून लोक काढतात. काढू नका. अंघोळ करणाऱ्या बायकांचेही नकोत. कॅमेरा खाली घेणं हेही शिकण्यातच येतं. फुलवाल्या मावशींचा फोटो हवा असेल तर आधी त्यांच्याकडून फुलं घ्या, दोन शब्द बोला, विचारा. नको म्हणाल्या तर नको.

सरावासाठी एकच सुचवतो. पुढच्या सुट्ट्यांत लेन्स ३५वर ठेवा आणि झूमला हात लावू नका. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, तिथे जा, जुन्या वाड्यांच्या बोळांत फिरा, पांडवलेणी चढा. लेण्यात आत उभं राहून दाराकडे कॅमेरा करा आणि बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर धरा. दारातला माणूस काळी आकृती होईल आणि खांब चौकट होतील. मग त्याच जागेवरून काटा +२वर नेऊन आतल्या भिंतीसाठी काढा. एकाच जागेचे दोन अगदी निराळे फोटो मिळतील आणि दोन्ही बरोबर असतील. कोणता ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं.

आता शेवटी लेन्सचं. सहा महिन्यांनी तुमच्या आवडीचे शंभरेक फोटो निवडा आणि त्यांच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे हेच १८ ते ५५चे आकडे, बघा. बहुतेक १८चे असतील तर तुम्हाला रुंद दृश्यं आवडतात, आणि झूमवर घातलेले पैसे वाया गेले असते. बहुतेक ५५चे असतील आणि पक्षी अजूनही लहानच वाटत असतील, तर २५० किंवा ३००पर्यंत जाणारी लेन्स बघा, ती वापरलेलीही चांगली मिळते. हॉलमधले, घरातले, संध्याकाळचे फोटो जास्त असतील, तर ५०ची एफ/१.८ घ्या. ती झूम होत नाही, पण तुमच्या लेन्सपेक्षा ५५ला मिळतो त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि बऱ्याच झूम लेन्सपेक्षा स्वस्त असते. कुठलीही घ्यायची ठरवलीत तरी आधी भावाकडून किंवा भाड्याने दोन दिवस आणून शाळेच्या हॉलमध्ये लावून बघा.